चोर सोडून संन्याशाला

घरातल्या कोणाला सिलियाक असल्याचं निदान झालं आणि डॉक्टरांनी गहू आयुष्यभरासाठी बंद केला, की पहिले काही दिवस घर सुन्न असतं. मग एका रविवारी घर कामाला लागतं. फ्रिजच्या दारातल्या सगळ्या बाटल्या ओट्यावर रांगेने उभ्या राहतात. वडील चष्मा कपाळावर ढकलून मोबाइलच्या उजेडात लेबलं वाचतात, मुलगी एकेका घटकाचं नाव गूगलला विचारते, आणि आई ‘तो लाल सॉस मी आणलेला नाही’ एवढं आधीच जाहीर करून मोकळी होते.

पहिला बळी जातो व्हिनेगरचा.

कारण व्हिनेगर धान्यापासून करतात, असं कोणीतरी कुठेतरी वाचलेलं असतं. धान्य म्हणजे गहू, गहू म्हणजे ग्लुटेन, खटला निकालात. एरवी ज्या बाटलीला घरात कोणी हिंग लावूनही विचारत नाही, जी वर्षातून दोनदा हक्का नूडल्ससाठी आणि उरलेले दिवस नळावरचे क्षाराचे डाग काढायला उपयोगी पडते, ती पांढरी बाटली शेजारच्या काकूंकडे रवाना होते. त्याच वेळी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आमटीला फोडणी पडत असते. तेल, मोहरी, हळद आणि चिमूटभर हिंग. त्या हिंगाच्या डबीकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार घरोघर चालतो. म्हणून आधी संन्याशाची बाजू ऐकून घेतलेली बरी.

त्याआधी आजाराबद्दल थोडं. सिलियाक म्हणजे ‘मला ब्रेड जरा जड जातो’ नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, असा हा आजार आहे. गव्हाशी असलेलं त्याचं नातं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिलं. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि आजूबाजूचे सगळे उपाशी असताना डिके यांच्याकडची सिलियाकची मुलं सुधारू लागली. पाव परत आला तसं दुखणंही परत आलं. डिके यांचा प्रबंध 1950 चा. तेव्हापासून आजतागायत उपचार एकच, ग्लुटेन पूर्ण बंद. उत्तर भारतात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असतो, दक्षिणेत प्रमाण बरंच कमी आहे. पथ्य मात्र सगळीकडे तेवढंच कडक. तेव्हा लेबल वाचणाऱ्या वडिलांना हसू नये. ते चुकीचं लेबल वाचताहेत, एवढीच तक्रार आहे.

आता संन्यासी. व्हिनेगर म्हणजे मद्यार्क आंबून झालेलं अ‍ॅसिटिक आम्ल आणि पाणी. मद्यार्क धान्याचा असला, गव्हाचाही असला, तरी ऊर्ध्वपातनात वाफ होऊन वर जातो तो मद्यार्क. ग्लुटेन हे प्रथिन, त्याची वाफ होत नाही, ते खाली भांड्यातच बसून राहतं. सगळा संसार खाली सोडून वर गेलेल्या या पदार्थापासून पांढरं व्हिनेगर होतं. युरोपच्या कायद्यानेही हे मानलं आहे. गव्हापासून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या मद्यार्कासाठी वापरलेलं धान्य तिथे अ‍ॅलर्जीच्या यादीतून वगळलेलं आहे.

आपल्याकडच्या वाण्याच्या फळीवरची बाटली तर याच्याही पुढची. तिने बहुधा धान्याचं तोंडही पाहिलेलं नसतं. कारखान्यात तयार झालेलं अ‍ॅसिटिक आम्ल पाण्यात मिसळायचं, बाटलीत भरायचं, की झालं सिंथेटिक व्हिनेगर. त्यात आम्ल किमान 3.75 टक्के हवं आणि ते अ‍ॅसिटिक आम्लापासून केलंय हे लेबलवर स्पष्ट लिहायला हवं, असा आपला नियम आहे. एरवी ‘सिंथेटिक’ वाचून नाक मुरडायचं आपल्याला वळण आहे. पण गव्हाच्या बाबतीत हाच शब्द म्हणजे चारित्र्याचा दाखला. निसर्गाशी संबंध नाही, म्हणून शेताशी नाही, म्हणून गव्हाशीही नाही.

लोणच्याच्या नाहीतर सॉसच्या लेबलवर ‘आम्लता नियामक 260’ असं दिसलं की काही घरांत पुन्हा धावपळ उडते. 260 म्हणजे तेच अ‍ॅसिटिक आम्ल, आकडा घालून आलेलं. 415 म्हणजे झँथन गम. तो घट्टपणासाठी असतो आणि गव्हाचा नसतो. उलट ग्लुटेनमुक्त भाकरी-पाव करणाऱ्यांचा तो जुना आधार. आकड्यांना घाबरावं अशी आपल्याला सवय लागली आहे. ‘गव्हाचं पीठ’ असं साध्या अक्षरांत लिहिलेलं मात्र नजरेतून सुटतं, कारण त्यात भीतीदायक काही वाटतच नाही.

नैसर्गिक व्हिनेगरं हवी असतील तर तीही बहुतेक निर्दोष आहेत. गोव्यात रेंदेर माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढतो, ती आंबवून व्हिनेगर होतं, आणि विंदालू, सोरपोतेल, रेशाद मसाला त्यावरच उभे असतात. तिथे मूळच नारळाच्या झाडावर असल्याने गव्हाला शिरकावच नाही. नवसारीचे कोलाह 1885 पासून धंद्यात आहेत. उसाच्या रसाचं, लाकडी पिंपांत मुरलेलं त्यांचं काळसर व्हिनेगर मुंबईच्या पारशी स्वयंपाकघरांत पिढ्यान् पिढ्या येतं, तेही उसाचंच. द्राक्षाचं असो की निव्वळ तांदळाचं, चिंता नाही. सफरचंदाच्या व्हिनेगरची पहाटे उपाशीपोटी भक्ती करणारे पुष्कळ आहेत आणि त्याच्या गुणांची यादी दर महिन्याला वाढते. त्या यादीची जबाबदारी कोणी घ्यावी हा वेगळा प्रश्न, पण त्यात गहू नाही हे खरं.

मग कोणी दोषी आहे की नाही? आहे, पण तो विलायतेत राहतो. जवाला, म्हणजे आपल्या सातूला, मोड आणून माल्ट करतात, माल्टची बिअर होते आणि ती आंबली की माल्ट व्हिनेगर. यात ऊर्ध्वपातन नसतं, त्यामुळे जवाचं थोडं प्रथिन बाटलीत उतरू शकतं. ते किती, यावर दोन देशांचं पटत नाही. ब्रिटनमधली सिलियाक यूके ही रुग्णांची संस्था सांगते की प्रमाण अगदी नगण्य असतं, खुशाल खा. अमेरिकेत मात्र जवाच्या माल्ट व्हिनेगरवर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला परवानगी नाही. आंबवताना प्रथिनाचे तुकडे होतात आणि नेहमीच्या चाचणीत ते नीट मोजता येत नाहीत, तेव्हा मुळात धान्य कुठलं होतं तेच बघा, असं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचं म्हणणं. बाटली तीच, पोट तेच, फक्त मध्ये अटलांटिक.

ली अँड पेरिन्सच्या वूस्टर सॉसने यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. ब्रिटनमध्ये विकला जाणारा सॉस माल्ट व्हिनेगरचा, अमेरिकेतला पांढऱ्या व्हिनेगरचा, आणि अमेरिकेतल्या बाटलीवर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं. लंडनहून शिकागोला बदली झालेल्या मराठी कुटुंबाने जुन्या खुणेवर विसंबून बाटली उचलली तर हरकत नाही. उलट्या दिशेने बदली झाली तर लेबल पुन्हा वाचावं. शाकाहारी असाल तर दोन्हीकडे वाचावं. त्यात आपली चिंच आहे खरी, पण शेजारी मासेही आहेत.

आणि ब्रिटनच्या फिश-अँड-चिप्सच्या दुकानांतली गंमत वेगळीच. टेबलावरच्या बाटलीतलं तपकिरी पाणी पुष्कळदा व्हिनेगर नसतंच. अ‍ॅसिटिक आम्ल, पाणी आणि कॅरमलचा रंग यांच्या मिश्रणाला तिथल्या कायद्याने व्हिनेगर म्हणता येत नाही, म्हणून ते ‘न आंबवलेलं तोंडीलावणं’ अशा अर्थाच्या नावाने विकलं जातं. म्हणजे नकली माल, पण जव नसलेला. सिलियाकच्या पाहुण्याने त्या बाटलीवरून दुकानदाराची उलटतपासणी घ्यायची, आणि समोरच्या बशीत मासा मैद्याच्या कडक आवरणात तळलेला असायचा.

हसू नका. हेच नाटक आपल्या नाक्यावर रोज रात्री आठनंतर होतं. चायनीजची गाडी, तिच्यावर लाल ड्रॅगन, ट्यूबलाइट, कढईखाली भडकलेला जाळ.

“दादा, मुलाला गहू चालत नाही. नूडल्स नको, राइस द्या. आणि व्हिनेगर अजिबात टाकू नका.”

“व्हिनेगर कट,” दादा आत ओरडतात. पोऱ्या व्हिनेगरची बाटली बाजूला सरकवतो, आणि दुसऱ्या हाताने काळ्या बाटलीतून सोया सॉसच्या तीन पिचकाऱ्या मारतो. आईच्या चेहऱ्यावर समाधान.

सोया सॉस म्हणजे सोयाबीनचा सॉस, असं नावावरून वाटणं साहजिक आहे. जपानी पद्धतीच्या नेहमीच्या सॉसमध्ये सोयाबीन आणि गहू जवळपास सारखे असतात. गहू भाजून, भरडून, सोयाबीनबरोबर कित्येक महिने आंबवतात. स्वस्तातल्या बाटलीत रंग, मीठ, साखर आणि आणखी काय काय असतं ते तिचं लेबलच जाणे, पण तीही डोळे मिटून उचलण्यासारखी नाही. जपानच्या आइची प्रांताचा यातला उद्योग मोठा मासलेवाईक. ज्यात गहू जवळपास नसतोच तो तामारी या भागात होतो, आणि जो बहुतांशी गव्हाचाच असतो तो फिकट ‘शिरो’ सॉसही त्याच प्रांतातला. तामारीतही कधी थोडा गहू घालतात, म्हणून ‘तामारी’ एवढंच वाचून थांबू नये.

आपल्या गाडीची परंपरा मात्र मुंबईचीच. कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वँग यांनी 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून चिकन मंचुरियन जन्माला घातलं. पुढे कोबी-फ्लॉवरपर्यंत सगळ्यांचं मंचुरियन झालं. 2024 च्या सुरुवातीला गोव्यातल्या म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या स्टॉलवर बंदी घातली ती कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेच्या कारणाने. सोया सॉसमधला आणि आवरणातल्या मैद्यातला गहू तिथेही सहीसलामत सुटला.

तर आता काखेतला कळसा. हिंग.

हिंग ही फेरुला नावाच्या वनस्पतीच्या मुळातून पाझरणारी राळ. ती येते अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून. भारतात तिची लागवड व्हावी म्हणून पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावात 15 ऑक्टोबर 2020 रोजी पहिलं रोप लावलं. म्हणजे रोजच्या फोडणीत हिंग घालणारा देश त्याचं रोप लावायला 2020 पर्यंत थांबला होता. शुद्ध हिंग इतका उग्र, की चिमटीने मोजताच येत नाही. त्यामुळे बाजारात येतो तो ‘बांधानी’ हिंग: राळ, खायचा डिंक, आणि पीठ. कोणी तांदळाचं घालतं, पण पुष्कळ डब्यांवर स्पष्ट छापलेलं असतं, गव्हाचं पीठ. हिंग अफगाणिस्तानचा असेल, गहू मात्र आपला.

“चिमूटभराने काय होतंय?” हा प्रश्न प्रत्येक घरात एक आजी विचारतेच, आणि तो वाजवी आहे. हिशेब करून पाहावा. ग्लुटेनमुक्त म्हणवायचं तर भारतातही पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. अशा पदार्थाने ही मर्यादा पुरेपूर वापरली, तरी अर्धा किलो खाल्ल्यावर 10 मिलिग्रॅम पोटात जातील. आता गव्हाच्या पिठात ग्लुटेन वजनाच्या साधारण दहा टक्के धरलं, तर तेच 10 मिलिग्रॅम भरायला 100 मिलिग्रॅम पीठ पुरतं. ग्रॅमचा दहावा भाग! 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा होताना दिसली होती. आमटीतली चिमूट चौघांत वाटली जाते हे आजींचं म्हणणं बरोबर. पण त्याच जेवणात भाजीला हिंग, ताकाला हिंग, पापडात हिंग, लोणच्यात हिंग, सांडग्या मिरचीत हिंग. चिमटी वाटल्या जातात तशा गोळाही होतात.

मराठी ताटाची डावी बाजू या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मीठ निर्दोष, लिंबू निर्दोष, ओल्या खोबऱ्याची चटणी निर्दोष. कोशिंबिरीवर फोडणी पडली असेल तर संशयित. लोणचं संशयित. आणि मग मेतकूट! आजारी माणसाला द्यायचं म्हणून ज्याचा लौकिक, त्या मेतकुटात हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ यांच्याबरोबर गहू भाजून घालायची जुनी रीत आहे, शिवाय हिंग आहेच. पोट बिघडलेल्या सिलियाकच्या मुलाला मायेने मऊभात-मेतकूट भरवणारं घर औषध आणि दुखणं एकाच चमच्यात कालवतं. थालीपिठाच्या भाजणीची तीच गत. चार मुठी ज्वारी-बाजरीत एक मूठ गहू असतोच, ‘खमंगपणा येतो’ म्हणून.

मुंबईच्या जुन्या वस्त्यांनी तर मसाल्यातच गहू दळून ठेवला आहे. पाठारे प्रभूंचा संबार मसाला घ्या, मिरची-धण्यांबरोबर त्यात गहू आणि हरभऱ्याची डाळ आली. वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बॉटल मसाला घ्या. उन्हाळ्यात वीस-पंचवीस जिन्नस भाजून, कुटून करायचा आणि उजेड लागू नये म्हणून गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचा. अनेक घरांच्या पाककृतीत त्यातही गहू असतो. म्हणजे जवाच्या रिकाम्या बाटलीत गव्हाचा मसाला, आणि तो वापरून केलेल्या कालवणात शेवटी घातलेलं व्हिनेगर एकटं निष्पाप.

खरं तर मराठी स्वयंपाकाला आंबटपणासाठी व्हिनेगरची गरज कधी पडलीच नव्हती. आमसूल आहे, चिंच आहे, लिंबू, कैरी, दही, अंबाडी आहे. आमसुलाच्या सालीला ‘ग्लुटेन-फ्री’ची चिठ्ठी लावून विकायला अजून कोणी बसलेलं दिसत नाही, पण फार वाट पाहावी लागेल असं वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या चकचकीत दुकानांत तांदूळ, मध, सैंधव मीठ यांच्यावर ती चिठ्ठी झळकू लागलीच आहे. ज्यात गहू असायचं काही कारण नव्हतं त्यावर मोठ्या अक्षरांत ‘नाही’, आणि हिंगाच्या डबीवर ‘आहे’ एवढ्या बारीक अक्षरांत की मुंगीनेही भिंग मागावं.

या सगळ्यातून सुटलेला एकच दिवस, एकादशी. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, दाण्याचं कूट; गहू नाही, आणि उपासाला हिंगही चालत नाही. सिलियाकच्या माणसाने एकादशीला पाहुणा म्हणून जावं, यजमानाला एक अक्षर सांगावं लागत नाही. शिवाय पुण्य वेगळंच. पण राजगिऱ्याचं पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणलं असेल तर पुन्हा चौकशी आली, कारण त्याच जात्यातून आधी कोणाचा तरी दहा किलो गहू गेलेला असतो. घरघंटी घेणाऱ्या कुटुंबांना शेजारी श्रीमंत समजतात ते उगाच.

बाकी दिवस दुकानात जाऊन तांदळाच्या पिठातला हिंग मागावा, नाहीतर लेबल वाचून शुद्ध खडा हिंग आणावा आणि घरी तळून पूड करावी. मात्र जुन्या सवयीने चिमूट सोडू नये. शुद्ध हिंगाची जुन्या मापाची चिमूट पडली की आमटी एका घरात होते आणि जेवण सगळ्या मजल्याचं बिघडतं.

घरात हे सगळं जमतं. खरी कसोटी लग्नात. वधूची मावशी आधीच आचाऱ्याला गाठते, आपल्या मुलाबद्दल सांगते.

“काळजीच करू नका ताई,” आचारी म्हणतात. “मैदा आपल्याकडे येतच नाही. पोळ्या एक नंबर सिहोर गव्हाच्या.”

मावशी पहिल्यापासून सांगते. गहू नाही, रवा नाही, शेवया नाहीत, हिंगसुद्धा नाही. आचारी मनापासून ऐकतात, मान डोलावतात, आणि शब्दाला जागतात. वेगळं पातेलं काढतात, वेगळा झारा घेतात, जिरं-तुपाचं वेगळं वरण करतात. ताट स्वतः घेऊन येतात. मुलगा जेवायला बसतो, मावशीचे डोळे भरून येतात, ती हात जोडते.

“अहो, त्यात काय ताई,” आचारी संकोचून म्हणतात. “पण नुसतं फारच अळणी लागत होतं पोराला. म्हणून शेवटी वरून आपली नेहमीची फोडणी घातली एक पळी.”